आधी कोणी बोलायचं

१

ओळखपत्रावर माझा हुद्दा दोन ओळींत कसाबसा मावतो, पण काम एका वाक्याचं आहे. मेल का जात नाही ते बघायचं. मेल गेला तर तो पाठवणाऱ्याचा पराक्रम, नाही गेला तर माझा नाकर्तेपणा, अशी आमच्या ऑफिसातली सरळ वाटणी आहे. लोक माझ्या टेबलापाशी येतात तेव्हा आधीच तापलेले असतात. "सकाळपासून जातंय, जातंय करतंय आणि जात काही नाही," असं म्हणून लॅपटॉप माझ्यासमोर आपटतात.

नव्याने आलेल्यांना मी एकच गोष्ट समजावते. मेल म्हणजे पत्र नव्हे, दोन मशिनांचं बोलणं आहे. एक मशीन दुसऱ्याच्या दाराशी जातं आणि गप्प उभं राहतं. आलेल्यानं आधी तोंड उघडायचं नाही, ज्याचं दार त्यानं आधी बोलायचं. मग आलेला आपलं नाव सांगतो, कुणाकडून आलोय आणि कुणासाठी तेही सांगतो. घरवाला म्हणतो, सांगा. मग सगळा मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब. टिंब म्हणजे माझं बोलून झालं. घरवाला 'मिळालं' म्हणतो आणि दोघं निरोप घेतात.

मेल अडकतो म्हणजे या बोलण्यात एकजण मध्येच गप्प झालेला असतो आणि दुसरा वाट बघत असतो. कोण गप्प झालंय ते शोधलं की माझं काम झालं. हे सगळं मला माझ्या मोठ्या भावानं, दादानं शिकवलं. तोही हेच काम करायचा.

त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला.

"अगं, लोकांचे मेल पोचवतेस ना तू? माझा एक जात नाहीये."

"कोणाला पाठवतेयस?"

"तू ये आधी," आई म्हणाली.

२

आई एकटी राहायची. महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून होती. शेजारच्या काकूंना नळाचा आवाज थांबेना म्हणून संशय आला, नाहीतर काय झालं असतं ते मी मनात पुरतं आणतही नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे यांना एकटं ठेवू नका, दुसऱ्यांदा नशीब साथ देईलच असं नाही. मी आईच्या मागे लागले, माझ्याकडे चल. पण पालथ्या घड्यावर पाणी. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तो येतो म्हणून गेलाय. आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या कंपनीच्या तळघरात, मशिनांच्या खोलीत आग लागली तेव्हा तो आत होता. ओळख पटवायला मी गेले होते. ओळखण्यासारखं घड्याळच उरलं होतं, तेच बघून मी मान हलवली. आईला मी तिथे येऊ दिलं नाही. तेव्हापासून ती म्हणते, घड्याळ काय, कुणाच्याही हातात असतं. कंपनी बंद पडली, इमारत पाडली, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. सकाळी निघताना तो नेहमीसारखं "येतो गं" म्हणाला होता, त्या एका शब्दावर आईनं आपलं घर बांधलं होतं.

मी पोचले तेव्हा ती आतल्या खोलीत दादाच्या टेबलाशी बसली होती. त्यानंच तिला कॉम्प्युटर शिकवला होता. पडद्यावर 'पाठवत आहे' फिरत होतं, आणि वर पत्ता होता दादाचा, त्याच्या कंपनीचा.

"येते मी तुझ्याकडे," आई म्हणाली. "माझा हट्ट नाही. पण त्याला नवा पत्ता कळवते. हे एवढं पोचू दे, त्याच पावली बॅग भरते."

मेलमध्ये तिनं माझ्या घराचा रस्ता लिहिला होता. वाट चुकू नये म्हणून फोटोही जोडले होते, माझ्या सोसायटीचं फाटक, जिना आणि माझं दार. गेल्या खेपेला माझ्याकडे आली होती तेव्हा ती फोनवर कसले फोटो काढत होती ते मला तेव्हा कळलं. काय सांगायचं हे जुळवत मी पडद्याकडे बघत राहिले आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

हा मेल तत्काळ परत यायला हवा होता. पत्ता मेलेला, मशीन जळालेलं. अशा वेळी एका क्षणात 'असा पत्ता नाही' म्हणून मेल अंगावर येतो. हा येत नव्हता, म्हणजे पलीकडे कुणीतरी दार उघडलं होतं.

३

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला आम्ही शंकासुर म्हणतो. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो आधी खिडकीपाशी जाऊन बघून येईल. मला तसाच माणूस हवा होता.

"हातानं बोलून बघ," तो म्हणाला. मेलचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून आपणच त्या दाराशी जायचं आणि एकेक ओळ टाइप करायची, याला आम्ही हातानं बोलणं म्हणतो.

मी दादाच्या कंपनीच्या जुन्या मशीनशी जोडणी केली. बराच वेळ पडदा कोरा होता. मग एक ओळ उमटली.

बोला.

मला एकदम हसू आलं. ही दादाचीच खोड होती. सगळ्या जगातली मशिनं इंग्रजीत बोलतात, पण त्यानं आपल्या मशीनच्या तोंडी मराठी घातली होती. दार उघडताना 'बोला', मजकूर घेताना 'सांगा, ऐकतोय', आणि निरोप घेताना 'येतो'. मी विचारलं होतं, अरे 'जातो' का नाही? तर म्हणाला, "घरातून निघताना जातो म्हणतात का? आईनं ऐकलं तर मशीनलासुद्धा ओरडेल."

मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

सांगा, ऐकतोय.

'चाचणी' एवढंच लिहून मी टिंब दिलं.

मिळालं. येतो.

आणि जोडणी बंद झाली.

"घ्या," शंकासुर म्हणाला. "त्याच्या मशीनची प्रत कुणीतरी भाड्याच्या मशीनवर ठेवली असेल, आगीच्या आधीच. कंपनी बुडाली, भाडं आपोआप कापलं जातंय, कुणाच्या ध्यानातही नाही. अशी हजारो भुतं चालू आहेत जगात." भुतं हा त्याचाच शब्द. माझ्याकडे बघून त्यानं जीभ चावली.

मला ते पटलं. पटवून घ्यायचंही होतं. शिवाय आईचा मेल का अडकतो तेही कळलं होतं. मेल पाकिटापाकिटांनी जातो, आणि रस्त्यात कुठेतरी दार अरुंद असेल तर लहान पाकिटं जातात आणि मोठी अडकतात. अडकली हे परत येऊन सांगणाराही कुणी नसतो, म्हणून पाठवणारा बसतो वाट बघत. आईचे फोटो मोठे होते. दुखणं अगदी साधं होतं.

निघता निघता मी रस्ताही तपासला. आपण आणि ते मशीन यांच्यामधले थांबे एकेक करून हाकेला ओ देतात, आणि ओ यायला जितका वेळ लागतो तितकं ते लांब. पहिल्या काही थांब्यांनी नीट ओ दिली. पुढे नुसत्या रिकाम्या ओळी, पडदा संपेपर्यंत. अगदी तळाशी ते मशीन होतं. त्याची ओ इतकी उशिरा आली की तोवर मी पर्स खांद्याला लावून उभी राहिले होते.

"इतक्या लांब पृथ्वीवर जागा नाही," मी म्हटलं.

"मशीन मंद असेल," शंकासुर म्हणाला.

४

उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईकडेच गेले. ती बाहेर भाजी निवडत होती. आतल्या खोलीत खिडकीचा पडदा ओढलेला होता, आणि कॉम्प्युटरचा पंखा दम लागल्यासारखा घरघरत होता. मी दादाच्या खुर्चीवर बसून हातानं बोलायला घेतलं.

बोला.

आई बाहेरून काहीतरी विचारत होती. तिला उत्तर देण्याच्या नादात मी नाव सांगायचं विसरले आणि थेट 'कोणाकडून'ची ओळ टाइप केली. ही चूक आमच्या धंद्यात सगळ्यांकडून होते आणि मशीन लगेच टोकतं. त्यानंही टोकलं.

आधी नाव सांग.

मी पुढची ओळ टाइप करायला घेतली आणि बोटं जागच्या जागी थांबली.

सांग.

दादानं सगळ्या ओळी अहोजाहो करून लिहिल्या होत्या. बोला, सांगा. परक्या माणसाशी बोलायच्या त्या ओळी होत्या. ही घरातली होती. लहानपणी मी खेळात राज्य घ्यायच्या आधीच पळायला लागले की तो मला अशाच सुरात थांबवायचा.

काना गळला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण हे दुसऱ्या कुणालातरी सांगावं, मला नाही. वाटेत हरवलं तर अख्खं पाकीट हरवतं, एका अक्षराचा काना गळून पडत नाही. पोचतं ते तपासून, मोजून पोचतं. मग दादानंच ही एक ओळ लिहिताना घाई केली असेल, मी म्हटलं. ते पटण्यासारखं होतं.

मी शंकासुराला फोन केला. ती चूक मुद्दाम कर आणि काय उत्तर येतं ते जसंच्या तसं वाच, म्हटलं. पलीकडे कळांचा आवाज आला.

"आधी नाव सांगा," त्यानं वाचलं. "का गं?"

"सांगा? शेवटी काना आहे?"

"आहे की. डोळे शाबूत आहेत माझे."

माझ्या पडद्यावर ती ओळ तशीच होती. जोडणी अजून उघडी होती. मी नाव सांगायची तो वाट बघत होता. मी सांगितलं नाही, कॉम्प्युटरची वायरच ओढून काढली.

५

त्या रात्री मी खूप विचार केला. आईला 'गेला' असं खोटं सांगता आलं असतं. तो मेल पुसून टाकायला मला दोन कळा पुरल्या असत्या. पण आईला खोटं लगेच कळतं, आणि मग ती तिथून कधीच हलली नसती. न्हाणीघराची ती ओली फरशी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. मला माझी आई जिवंत हवी होती. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. कुणीतरी मला पुन्हा 'सांग' म्हणालं होतं, आणि ते मला हवंहवंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या मशीनला शिकवलं, मोठी पाकिटं करू नकोस, लहान तुकडे कर. काही मिनिटांचं काम होतं. मग आईला म्हटलं, "पाठव."

तिनं कळ दाबली. मी बाजूच्या खिडकीत तुकडे जाताना बघत होते. प्रत्येक तुकड्याला पलीकडून पोच येते. पहिली पोच यायला नेहमीसारखा उशीर झाला. फाटकाचा फोटो गेला. जिन्याचा जाऊ लागला, तेव्हा पोच जरा लवकर येऊ लागली. एकदा रस्ता मोकळा झाला की वेग वाढतो, त्यात नवल नाही, असं मी मनाशी म्हणाले. पण वेग वेगळा आणि अंतर वेगळं, हे मला कळत होतं. दार जाऊ लागलं तोवर मी पाठवायच्या आत पोच येतेय की काय असं वाटावं, इतक्या भराभर ओळी सरकत होत्या.

मग टिंब गेलं.

मिळालं. येतो.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं. तिच्या डोळ्यांना ती बारीक अक्षरं दिसत नव्हती.

"मिळालं म्हणाला," मी म्हटलं.

"एवढंच?"

"येतो म्हणाला. ते मशीनचं ठरलेलं आहे गं, सगळ्यांनाच म्हणतं."

आई उठली, कपाट उघडलं आणि खरंच बॅग भरायला लागली.

६

माझ्याकडे ती छान रमली. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागली तेव्हा मला हायसं वाटलं. दार मात्र ती नुसतं लोटून ठेवायची. मी कडी घालायची, ती काढायची, यावर आमची रोज बोलाचाली व्हायची.

"आई, चोर येईल."

"येऊ दे. तुझ्याकडे नेण्यासारखं काय आहे?"

ऑफिसात मी रस्ता तपासायचं थांबवलं नव्हतं. मधल्या रिकाम्या ओळी कमी होत चालल्या होत्या. आधी त्या पडदाभर असायच्या, मग अर्धा पडदा, मग ओंजळभर. शंकासुराला दाखवलं तर म्हणाला, "कंपन्या रस्ते बदलतात. जवळचा मिळाला असेल. यात काय एवढं?" त्याचं बरोबर होतं. रस्ते बदलतात. फक्त ते रोज एकाच दिशेनं बदलत नाहीत.

एके दिवशी घरून तपासलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेटी आहे, सगळ्या घरांच्या तारा तिथे जातात. तो माझ्या घरापासूनचा पहिला थांबा. त्यानं ओ दिली, आणि त्याच्या खालच्याच ओळीत ते मशीन होतं. मध्ये काही नाही. मी खिडकीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी ती करडी पेटी होती, तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं. तरी मी खिडकी लावून घेतली.

आईला मी काहीच सांगितलं नाही. तीही काही विचारत नव्हती, फक्त जेवायला बसताना भात जरा जास्तच लावलेला असायचा. "उरतो गं," मी म्हणायचे. "उरू दे," ती म्हणायची.

७

सुट्टीची दुपार होती. आई आत आडवी झाली होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. माझ्या मशीनवर मी चाचणीसाठी एक कान उघडा ठेवते. तो फक्त ऐकतो. तिथे कुणी जोडलं तर मला कळतं, बोलायचं असेल तर मला हातानं बोलावं लागतं. एरवी तिथे कुणी येत नाही.

खिडकीत एक ओळ आली. कुणीतरी जोडलं होतं.

मी पत्ता बघितला, दादाच्या मशीनचा होता. मग थांबे तपासले. या खेपेला एकही थांबा नव्हता. गल्लीची पेटीही नव्हती. हाक मारली आणि त्याच क्षणी ओ आली, एकाच खोलीतली दोन मशिनं देतात तशी.

जोडणी उघडी होती आणि पलीकडून एक अक्षर येत नव्हतं. इतकी वर्षं हेच काम केलेली मी, पण अडकलंय कुठे हे समजायला मला वेळ लागला. काहीच बिघडलं नव्हतं. तो नियमानं वागत होता. ज्याचं दार, त्यानं आधी बोलायचं.

मी मान वर केली. आमच्या दारात वरच्या अर्ध्या भागाला धुरकट काच आहे, तिच्यातून जिन्यातला उजेड दिसतो. तिथे उजेड अडला होता. कुणीतरी उभं होतं, एक खांदा जरा खाली. खांद्याला जड पिशवी अडकवून वर्षानुवर्षं हिंडणाऱ्या माणसाचा असतो तसा. बेल वाजली नाही, कुणी दार ठोठावलं नाही. कडी काढलेलीच होती, नुसतं ढकललं तरी उघडलं असतं.

माझे हात कळांवर होते. 'बोला' लिहायचं की 'बोल', एवढंच मला सुचत होतं. मी काहीच लिहिलं नाही. मी गप्प बसले तर तोही गप्प उभा राहील आणि कधीतरी कंटाळून परत जाईल, असा माझा हिशेब होता. अडकलेली जोडणी कधी ना कधी सुटतेच.

आतून आईच्या पावलांचा आवाज आला. ती पदर सारखा करत बाहेर आली. तिनं दाराच्या काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मला बजावल्यासारखी किंचित नाराजी होती. दारात कुणी आलं असताना हे काय गप्प बसणं?

"बोल रे," ती दाराकडे बघून म्हणाली. "ऐकतेय मी."

माझ्या पडद्यावर काहीतरी भराभर उमटायला लागलं. मी ते वाचलं नाही, मी आईकडे बघत होते. ती अनवाणीच दारापर्यंत गेली. दार उघडताना माझ्याकडे वळून, भाजी आणायला खाली उतरताना म्हणायची तशी, सहज म्हणाली,

"येते गं."

आणि मी बसून राहिले. जन्मभर तो शब्द ऐकून कोण उठतं? मी "हं" म्हटलं.

काचेवर जिन्यातला उजेड पुन्हा लख्ख पडला, तेव्हा मी भानावर आले. जिना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. आईच्या चपला दाराशी होत्या. लॅपटॉपवर शेवटच्या ओळीत एक टिंब होतं आणि जोडणी बंद झाली होती.

तेव्हापासून मी दाराला कडी घालत नाही. शंकासुर येतो, पोलिसांनी काय शोधलं ते सांगतो, चहा घेऊन जातो. मी ऐकते. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत असते. ती 'जाते' म्हणाली असती, तर मी उठून तिचा हात धरला असता.